व्हॉल्व्ह तापेपर्यंत

पौष लागला की सोलापूरचं ऊन निवतं. वर्षभर ज्या उन्हापासून आपण तोंड लपवतो, त्याच उन्हात या दिवसांत मुद्दाम जाऊन बसावंसं वाटतं. मंडईत हरभऱ्याच्या ओल्या पेंढ्या येतात, बोरं येतात, घेवड्याचे ढीग लागतात. गावाबाहेर कुठंतरी कोवळी ज्वारी भाजत असते आणि तिचा गोडसर, करपट वास वाऱ्याबरोबर पेठेपर्यंत येतो.

यंदा असाच उन्हात पाठ शेकत बसले होते, तेव्हा पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मावशी, घरात गाणी ऐकायला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर घ्यावा म्हणतोय. भरवशाचा कुठला घ्यायचा, काही कळत नाही. आजोबांकडे होता ना?"

"व्हॉल्व्हचे अजून मिळतात?" मी विचारलं.

"पुन्हा निघालेत. लोक हौसेनं घेतात."

त्याला मी काहीतरी सांगितलं. फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले. सत्तरच्या दशकातला तो एक हिवाळा हुरड्याच्या वासाबरोबर थेट अंगणात येऊन बसला होता.

त्या वर्षी दसऱ्याला अप्पा, म्हणजे माझे वडील, गिरणीतून निवृत्त झाले. विणकाम खात्यात ते जॉबर होते. शेकडो माग एका छपराखाली धडधडत असायचे आणि त्यातला कुठला बिघडलाय हे शोधून तो चालू करून द्यायचा, हे अप्पांचं काम. मी लहानपणी एकदा त्यांचा डबा घेऊन आत गेले होते. तो आवाज कानांना नाही, दातांना ऐकू आला होता. आतली माणसं एकमेकांशी ओठ हलवून बोलत. आवाज काढून उपयोगच नसे. अप्पा वीस पावलांवरच्या माणसाचे ओठ वाचून त्याला उत्तर देत.

आमची मूळ माणसं कानडी सीमेवरच्या दुधनीची. घरात मराठी आणि कानडी दोन्ही एकाच वाक्यात नांदायच्या. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. मी तेव्हा तेवीस वर्षांची, मुलींच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागलेली. थोरल्या बहिणीचं लग्न होऊन ती सासरी गेली होती. घरात आम्ही तिघंच.

अप्पांना गाण्याचा नाद. सुटीच्या दिवशी रेडिओपाशी मान वाकवून बसत. निवृत्त झाल्यावर तर सकाळपासून बसू लागले. आणि पंधरा दिवसांतच त्यांची तक्रार सुरू झाली. "ह्या रेडिओच्या आवाजातली धार गेली. सगळं गोधडीखालनं आल्यागत वाटतंय."

मला तसं काही वाटत नव्हतं. पण अप्पांनी यंत्राला दोष दिला की तो खराच असणार, असं आम्ही धरून चालत होतो.

रेडिओ घेऊन आम्ही नरसय्याकडे गेलो. नरसय्या साखर पेठेत राहायचा. घर तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचं. पुढच्या खोलीत त्याच्या वडिलांचा हातमाग, आणि मागच्या खोलीत याचं दुरुस्तीचं टेबल. तिथं सतत कथील आणि राळेचा वास असायचा. चाळिशीचा, सडसडीत, कमी बोलणारा माणूस. त्यानं रेडिओ उघडला, तपासला, एक व्हॉल्व्ह, म्हणजे आतली काचेची नळी, बदलूनही पाहिला.

"रेडिओ ठणठणीत हाय, जॉबरसाब."

"मग धार कुटं गेली?"

नरसय्यानं रेडिओचे स्क्रू परत आवळले. अप्पांनीच ठरवलं. "हे डबडं ऱ्हाऊ दे. आता एक चांगलं मशीन घ्यायचं. रेकॉर्ड लावायची, चांगला अँप्लिफायर, मोठी स्पीकरची पेटी. आयुष्यभर मागाची खडखड ऐकली. आता दोन गोष्टी मनासारख्या ऐकू की."

त्या 'ऐकू की' मध्ये एक आर्जव होतं. ते मला तेव्हा उमगलं नाही.

मग सुरू झाली निवड. अप्पांना घाई नव्हती. गिरणीत नवा माग बसवताना जसे ते चार बाजूंनी फिरून बघत, तशी त्यांची चाल. आधी नव्या पेठेतल्या एका दुकानात गेलो. तिथं नवा कोरा ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर होता, चकचकीत, हलका. दुकानदार म्हणाला, "बटण दाबलं की लगेच चालू. व्हॉल्व्हसारखं ताटकळायला नको."

परत येताना ते नरसय्याला सांगितलं. तो म्हणाला, "वस्तू चांगली हाय. पण आपल्या पेठेत सकाळी सगळे यंत्रमाग एकदम चालू होतात. व्होल्टेज बसतं, मग एकदम उडतं. त्या धक्क्यात ट्रान्झिस्टर गेला तर न सांगता जातो. व्हॉल्व्ह आधी मंद होतो, करकरतो, महिना-महिना दुखणं काढतो. तोवर दुसरा आणायचा आणि बल्ब बदलल्यागत बदलायचा."

"म्हणजे व्हॉल्व्ह भरवशाचा?" मी विचारलं.

"बाई, कधीच बिघडत न्हाय असं काय नसतंय. बिघडला तर हितं, सोलापुरात, नीट करता आला पायजे. तो भरवशाचा."

भाच्याला फोनवर मी हेच सांगितलं, फक्त सोलापूरच्या जागी पुणे म्हटलं.

मार्गशीर्षात कुणीतरी बातमी आणली की बार्शीच्या एका अडत व्यापाऱ्याकडे परदेशी व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आहे आणि त्याला तो काढायचाय. रविवारी आम्ही दोघं एसटीनं निघालो. दोन्ही बाजूंना ज्वारी डोक्याएवढी उभी. वैरागच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी खिडकीतून बोरं घेतली. वाटेत मी अप्पांशी शाळेतलं काहीबाही बोलत होते. ते समोरच्या रस्त्याकडे बघत गप्प. मला वाटलं, गाडीच्या घरघरीत ऐकू येत नसेल. आणि ते खरंही होतं, फक्त मला वाटलं त्यापेक्षा जास्त खरं.

व्यापाऱ्यानं अँप्लिफायर चालू केला. रेकॉर्ड लावायच्या आधीच अप्पांनी मान कलती केली. "गुणगुणतोय."

"छे हो, काही नाही," व्यापारी म्हणाला. मग त्यानं पेटीला कान लावला आणि त्याचा चेहरा उतरला. खरंच बारीक घुमणारा आवाज होता, भुंगा डब्यात अडकल्यासारखा. अप्पांनी मग ट्रान्सफॉर्मरवर तळहात ठेवला, पाव तासानं पुन्हा ठेवला आणि चटकन उचलला. "आत्ता थंडीत एवढा तापतोय. आमच्याकडच्या वैशाखात ह्याचं काय व्हायचं?"

मी मनात म्हटलं, काय कान आहेत या माणसाचे! आज कळतं, खालचे, घुमणारे आवाज त्यांना अजून स्वच्छ ऐकू येत होते. गेले होते ते वरचे, नाजूक. पण अभिमानात असताना माणूस एवढा विचार कुठला करतोय?

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर अव्वा उंबऱ्यात बसून तीळ निवडत होती. मीही शेजारी बसले. अव्वाचा आवाज लहान होता, बारीक. कधी चढा लागल्याचं मला आठवत नाही. सुपातल्या तिळाकडे बघतच ती म्हणाली, "बार्शीला काय झालं, मला एक शब्द न्हाय सांगितला तुझ्या अप्पांनी. मी तीनदा विचारलं."

"विसरले असतील."

"तीनदा?" तिनं एक खडा उचलून बाहेर टाकला. "आज न्हाय गं, लई दिवस झाले. मी चुलीपासनं काय बोलते, ते उत्तर देत न्हाईत. आधी वाईट वाटायचं. मग मी बोलणंच कमी केलं. आता कामावरनं सुटले, वाटलं, चार शब्द बोलतील. तर आता ती पेटी आणायची चाललीय." तिनं सूप हलवलं. "बायको जुनी झाली की तिचं बोलणं माशीगत होतं. असतं, पण कोण ऐकतंय."

तिच्या आवाजात राग नव्हता. एखादी साडी विरली असं सांगावं तसं ती सांगत होती. मला त्या क्षणी अप्पांचा मनस्वी राग आला. गाणं ऐकायला बार्शीपर्यंत जाणारा माणूस स्वयंपाकघरापर्यंत येऊ शकत नाही?

शेवटी नरसय्याच म्हणाला, "मीच बांधलेले दोन हायत. एकदा ऐकून बघा." एक मोठा होता, चार जाड व्हॉल्व्हचा. दुसरा धाकटा. दोन्हींचे ट्रान्सफॉर्मर त्यानं स्वतः गुंडाळलेले, तारेचा एक थर, वर कागद, पुन्हा तार. "आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सूत गुंडाळलंय," तो हसून म्हणाला, "तार गुंडाळायला वेगळं काय शिकायचं?"

शनिवारची दुपार होती. पुढच्या खोलीत त्याच्या वडिलांचा हातमाग संथपणे चालला होता. नरसय्यानं जलतरंगाची रेकॉर्ड लावली, साथीला तबला. व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले आणि खोलीत पाण्याचे थेंब उडायला लागले. मी तसं काही आधी ऐकलंच नव्हतं. एकेक वाटी कुठं ठेवलीय, तेसुद्धा दिसावं असं.

मध्येच नरसय्यानं पेटीच्या मागं हात घातला आणि एक तार निसटली. पेटीत दोन स्पीकर होते, खालच्या आवाजाचा मोठा आणि वरच्या आवाजाचा छोटा. छोटा बंद पडला. जलतरंग जवळजवळ विझलंच. तबला तेवढा उरला आणि त्याच्यामागं कुठंतरी कुणीतरी भांडी हलवत असल्यासारखं काहीतरी.

अप्पा डोळे मिटून बसले होते. बोटं ताल धरत होती. "वा," ते म्हणाले, "आता खरं जमलं."

मी नरसय्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग तो अप्पांच्या पाठीमागं गेला आणि साध्या आवाजात म्हणाला, "जॉबरसाब, चहा सांगू का?"

अप्पा ताल धरून बसले होते.

"जॉबरसाब."

पुढच्या खोलीतला हातमाग थांबला, कारण ती हाक म्हाताऱ्यानंही ऐकली होती. अप्पांनी मात्र डोळे उघडले ते रेकॉर्ड संपल्यावर. आमचे चेहरे पाहिले. ओठ वाचणाऱ्याला चेहरे वाचायला किती वेळ लागतो? त्यांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली. "चल शांता," म्हणाले. निघताना नरसय्यानं त्यांच्या समोर उभं राहून, सावकाश म्हटलं, "गिरणीतल्या निम्म्या माणसांचं हेच हाय. ह्यात लाजायचं काय न्हाय."

आम्ही तलावाच्या बाजूनं परतलो. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेसाठी मैदानात पाळण्याचे लोखंडी खांब उभे राहत होते. अप्पा कठड्याला टेकले. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, त्यांना माझा चेहरा दिसेल अशी. हे मी त्या दिवशी शिकले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"चार-पाच वर्षं. आधी घड्याळाची टिकटिक गेली. मग चिमण्या." ते पाण्याकडे बघू लागले. "वाटलं, गिरणी सुटली की कान मोकळं होतील. न्हाय झालं. मग वाटलं, रेडिओ बसला असंल. चांगलं मशीन आणलं तर येतील परत."

मी त्यांची बाही धरली.

"अव्वाला सांगू नगंस."

"का? तिला वाटतं, तुम्ही मुद्दाम..."

"सबंध नोकरीभर ती म्हणत आली, कापसाच्या गिरणीत काम करता आणि कानात घालायला बोळाभर कापूस मिळत न्हाय व्हय? मी हसण्यावारी नेलं. आता कुठल्या तोंडानं सांगू?" मग म्हणाले, "अँप्लिफायर मात्र घ्यायचा. तू निवड. तुझ्या कानानं. मला कळतंय तेवढं मी ऐकीन."

सोमवारपासून तीन दिवस शाळा सुटल्यावर मी नरसय्याकडे जात होते. आजवर मी गाणं नुसतं कानावर पडू दिलं होतं. आता दोघांसाठी ऐकायचं होतं. मोठा अँप्लिफायर भरदार होता, खोली हलवायचा. मला वाटलं, अप्पांना हाच बरा. मी तसं म्हणाले.

नरसय्यानं मान हलवली. "आमचे चुलते पण असेच हायत. त्यांच्या कानाशी ओरडलं तर ते चिडतात. कमी ऐकू येणाऱ्याला मोठं नको असतं बाई, साफ पायजे असतंय."

मग मी धाकटा घेतला. मी पुन्हापुन्हा ऐकून पाहिलं होतं, त्यात प्रत्येक आवाज आपापल्या जागी सुटा उभा राहायचा. एकाच्या पायावर दुसऱ्याचा पाय पडत नव्हता. माझी निवड चुकली नाही. पुढं कितीतरी उन्हाळे तो चालला. व्हॉल्व्ह अधूनमधून गेले, ते मीच उपसून बदलले. एकदा कंडेन्सर फुटला, तो नरसय्यानं येऊन बसवला. मी अप्पांसमोर बसून त्यांना सांगायचे, "आता सतार वर चाललीय, आता थांबली, आता एकच तार हलतेय." ते मान डोलवायचे. त्यांच्या आठवणीतली सतार त्या जागी बसत असावी. दुसऱ्याला सांगता यावं म्हणून ऐकलं की किती ऐकू येतं, ते मला त्यात कळलं. पुढं वर्गातल्या मुलींचं बोलणंही मी जरा वेगळ्या कानानं ऐकू लागले असेन.

पण तो अँप्लिफायर घरी आला त्या दिवसाचं सांगायचं राहिलं.

भोगीचा दिवस होता. शाळेला सुटी. नरसय्या टांग्यातून अँप्लिफायर आणि पेटी घेऊन आला. स्वयंपाकघरात बाजरीच्या भाकरी थापल्या जात होत्या, भोगीच्या भाजीचा वास घरभर होता. अव्वा चुलीपाशी, नेहमीसारखी आमच्याकडे पाठ करून. पेटी कोनाड्याशी लागली, तारा जोडल्या गेल्या. अप्पांनी बटण फिरवलं.

व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटात कुणी बोलत नाही. आम्ही तिघं त्या काचेच्या नळ्यांकडे बघत उभे होतो. घरात संपूर्ण शांतता होती आणि त्या शांततेत स्वयंपाकघरातून अव्वाचा लहानसा आवाज आला.

"पानं वाढू का आत्ता, का गाणं झाल्यावर?"

अप्पा व्हॉल्व्हकडे बघत होते.

"ऐकलं का? पानं वाढू का?"

नरसय्या जमिनीकडे बघायला लागला. मी तोंड उघडलं आणि मिटलं. सांगू नगंस, म्हणाले होते अप्पा.

अव्वा दारात आली. हाताला बाजरीचं पीठ, डोक्यावरचा पदर मागं सरकलेला. परक्या माणसासमोर ती कधी बोलत नसे, त्या दिवशी बोलली. अप्पांच्या समोर जाऊन, तोंडाकडे बघत. "पेटी बोलायच्या आत तिच्यापुढं हात जोडून उभं ऱ्हायला वेळ हाय. मी दोनदा विचारलं. मी ह्या घरात हाय का न्हाय, तेवढं तरी सांगा."

यातला शब्द न् शब्द अप्पांनी तिच्या ओठांवरून वाचला. मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यांनी हात मागं नेला आणि अँप्लिफायर बंद केला. नळ्या विझत गेल्या.

"मला ऐकू येत न्हाय," अप्पा म्हणाले.

"म्हंजे?"

"म्हंजे ऐकू येत न्हाय. तू समोर असलीस की कळतंय. पाठमोरी असलीस की तुझा आवाज येत न्हाय. तुझा आवाज बारीक हाय. माणसांत तो पहिल्यांदा गेला."

अव्वा तशीच उभी राहिली. मग तिनं कानडीत विचारलं, "यावागिंद?" कधीपासून.

अप्पांनी हाताची पाच बोटं दाखवली.

"पाच वर्षं." तिनं पिठाचा हात कपाळाला लावला, तिथं पांढरा डाग उमटला. "मग मी पाच वर्षं कुणाशी बोलत हुते?"

नरसय्यानं चपला शोधायला सुरुवात केली. अव्वानं त्याच्याकडे वळून, डोळे पुसत, ठणकावून सांगितलं, "कूड्री! भोगीच्या दिवशी न जेवता कुटं चालला? बसा." तो मुकाट्यानं बसला.

अप्पा पाटावर बसले. अव्वा ताट घेऊन आली, पण वाढायच्या आधी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या जवळ. त्या दोघांना इतकं जवळ बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ताट तिच्या हातातच होतं. तिला वाटत असावं, आता काय बोलायचं.

"सांग की," अप्पा म्हणाले.

"काय सांगू?"

"सगळं. जे जे बोललीस ते. पहिल्यापासनं सांग."

अव्वानं बराच विचार केला. एवढ्या वर्षांचं बोलणं, त्यातलं आधी कुठलं काढायचं? मला वाटलं, आता माहेरचं दुखणं निघेल, गिरणी निघेल, कुठला तरी जुना सल निघेल. ती हळूच म्हणाली, "एकदा मी विचारलं हुतं, भाकरीसंगं दही देऊ का शेंगाची चटणी? तुमी बोललाच न्हाईत. मी दोन्ही वाढलं."

अप्पांची नजर तिच्या ओठांवर होती. ती ओठांवरून डोळ्यांवर गेली.

"दही," ते म्हणाले.